खोकला, वीस थेंब आणि बाबांचं पत्र

विमान उडवण्याआधी पायलटला एका नळीत फुंकावं लागतं. प्रत्येक ड्युटीच्या आधी. नळी मशीनला जोडलेली असते, मशीनवर आकडा येतो, आणि तो शून्य असावा लागतो. थोडंसं, किंचित, नावापुरतं असलं काही चालत नाही. शाळेत शून्य मिळवण्याचा मला चांगला सराव होता. आयुष्यात एकदाच शून्याची खरी गरज होती, तेव्हा ते मला जमलं नाही.

ही गोष्ट मी मित्रांमध्ये अनेकदा रंगवून सांगितली आहे. गाडीपर्यंतची. गाडीच्या पुढची त्यांच्यापैकी कुणालाच सांगितलेली नाही.

कंपनी नवी होती. इतकी नवी, की आमचे गणवेश मापाचे यायच्या आधीच आम्ही रुजू झालो. पहिले दोन महिने मी एका भल्यामोठ्या कोटात फिरलो. आई म्हणाली, "मनगटावरच्या पट्ट्या बोटांवर आल्यात रे." विमानं मोजकी आणि शिकाऊ को-पायलट भरपूर. सिम्युलेटर झालं की खऱ्या विमानात ट्रेनिंग कॅप्टनच्या शेजारी बसून ठरावीक उड्डाणं करायची, मग एक शेवटची परीक्षा, आणि ती पास झाली की आपण सुटलो. याला आम्ही 'रिलीज' म्हणायचो, जेलमधल्यासारखं. रिलीज झालं की पूर्ण पगार, उडाल त्या तासांचे पैसे. तोवर नुसता स्टायपेंड. माझी चुलतबहीण ठाण्यात एका बँकेच्या कॉल सेंटरला आहे, तिला माझ्यापेक्षा जास्त मिळायचं. हे सोसायटीला कोण सांगणार? गणपतीच्या वर्गणीची पावती माझ्या नावावर 'पायलट' म्हणून वेगळी फाडलेली. मी ऐटीत पैसे दिले आणि उरलेला महिना आईच्या डब्यावर काढला.

ड्युटीचं रोस्टर फोनवर यायचं आणि फोनवरच बदलायचं. रात्रीच्या ड्युटीआधी मी दुपारी कानात कापूस घालून झोपायचो, आणि वरच्या मजल्यावर बरोबर तेव्हाच कुणीतरी खलबत्ता काढायचं. जिवलग मित्राच्या हळदीला गेलो तो पाच मिनिटांसाठी, हातात पाण्याची बाटली घेऊन. त्या हळदीत पाणी पिणारा मी आणि बँडवाल्यांचा घोडा. पण तक्रार नव्हती. शेवटची परीक्षा तीन उड्डाणांवर आलेली.

आता बाबा. बाबा होमिओपॅथीचे डॉक्टर. डोंबिवलीला लागून असलेल्या कोपरला, आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचा दवाखाना. दोन बाकडी, एक पडदा आणि भिंतभर बाटल्यांचं लाकडी कपाट. बाबांचं बालपण कल्याणजवळच्या मोहन्यात गेलं, आजोबा तिथे कारखान्यात होते. ती मोहन्याची खोली विकली तेव्हा मी फ्लाइंग स्कूलला गेलो. घरात यावर कधी चर्चा झाली नाही, खोली विकली, मी गेलो, एवढंच.

बाबांची ख्याती औषधापेक्षा आठवणीची. होमिओपॅथीवाले विचारतात ना, झोपताना कुठल्या कुशीवर, आंबट आवडतं का, राग आला की बोलता की गप्प बसता. हे सगळं बाबांच्या डोक्यात. दहा वर्षांनी एखादी बाई यायची, तर तिने बाकड्यावर टेकायच्या आत म्हणायचे, "काय, अजून थंडीतसुद्धा पाय पांघरुणाबाहेर का?" ती बाई तिथेच अर्धी बरी व्हायची. आणि दुसरी खोड म्हणजे, औषध कसं घ्यायचं ते सांगून झालं की पेशंटकडून वदवून घ्यायचे. "काय सांगितलं मी? म्हणा परत." म्हटल्याशिवाय पुडी हातात नाही.

तर मला खोकला झाला. डोंबिवलीत खोकला होण्याला कारण लागत नाही. एमआयडीसीकडून वारा आला की आमच्याकडे खिडक्या लावतात आणि खोकत बसतात. नियमाप्रमाणे बरं नसेल तर कळवायचं आणि घरी बसायचं. पण कळवलं, की ट्रेनिंग कॅप्टनबरोबरची जागा दुसऱ्याला, आणि आपण पुन्हा रांगेच्या शेपटाला. मी कळवलं नाही.

बाबांनी एक छोटी बाटली दिली. म्हणाले, "हा अर्क आहे. अल्कोहोलमध्येच बनतो. आज आणि उद्या घे, अर्धा कप पाण्यात वीस थेंब. परवा ड्युटी आहे ना? परवा हात लावायचा नाही."

"हो."

"हो काय? काय सांगितलं मी?"

"परवा हात लावायचा नाही."

"हं." आणि बाटली माझ्या हातात दिली.

म्हणजे मला माहीत होतं. हे मी इथे स्वच्छ लिहून ठेवतो, कारण पुढे ते कुठेच लिहिलेलं नाही.

परवाच्या दुपारी कंपनीची गाडी आली. कल्याण-शीळ रस्त्याला लागलो आणि खोकल्याची अशी उबळ आली, की ड्रायव्हरने आरसा माझ्याकडे वळवला. "साहेब, औषध घ्या की कायतरी. असे खोकलात तर विमानातली लोकं उतरून जातील."

बाटली बॅगेत होती. का होती, ते विचारू नका. मी स्वतःला समजावलं, की हे औषध आहे, दारू थोडीच आहे, आणि वीस थेंबांनी काय होतंय. पाणी नव्हतं, म्हणून थेट जिभेवर मोजायला घेतले. सातव्या थेंबाला गाडी खड्ड्यात गेली आणि धार लागली. आता किती झाले कळेना, म्हणून मी प्रामाणिकपणे पुन्हा एकपासून मोजले. बाराव्याला स्पीडब्रेकर. घसा एकदम मोकळा झाला, छान ऊब आली. ऐरोलीच्या पुलावर पुन्हा खोकला आला, तेव्हा तर मी मोजलेसुद्धा नाहीत. दोन-तीनशे माणसांचा जीव ज्याच्या हातात द्यायचा तो माणूस गाडीत मागे बसून बाटली चोखत होता, असं त्या ड्रायव्हरने घरी नक्की सांगितलं असेल.

विमानतळावर नळीत फुंकलं. मशीनने आकडा दाखवला. तपासणाऱ्या मुलीने मला पाणी दिलं, चुळा भरायला लावल्या, थोडा वेळ बसवलं. दुसऱ्यांदा फुंकलं. आकडा कमी झाला, शून्य झाला नाही. तिने सही मागितली. माझी ट्रेनिंग कॅप्टन दारात उभी होती, पन्नाशीची, कडक बाई. ती इतकंच म्हणाली, "घरी जा. आणि आज कोणाशी बोलू नकोस."

मी ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

ऑफिसात एक फॉर्म दिला. त्यात एक प्रश्न होता, की औषध घेतलं असल्यास ते कोणी दिलं, आणि त्यात अल्कोहोल असल्याची कल्पना तुम्हाला दिली होती का. मी पेन घेऊन बसलो. शेजारी बसलेला ऑफिसचा माणूस दयाळू होता. म्हणाला, "डॉक्टरने सांगितलं नसेल तर तसं पत्र आणा. काही फरक पडला तर पडेल."

मी 'नाही' लिहिलं. मग बाहेर जाऊन बाबांना फोन लावला.

सगळं सांगितलं, पत्राचंही. मागे कुणीतरी पेशंट शिंकत होता. मग बाबा म्हणाले, "किती घेतलंस?"

"मोजलं नाही."

"बरं. पत्रात काय लिहू?"

"की तुम्ही मला सांगितलं नव्हतं."

"सांगितलं नाही असं लिहू, की विसरलो असं लिहू?"

मी विचार केला. खरंच विचार केला, उभा राहून, शांतपणे. म्हटलं, "सांगितलं नाही म्हटलं तर मुद्दाम केल्यासारखं वाटेल. विसरलो बरं."

"बरं," बाबा म्हणाले.

तासाभराने पत्राचा फोटो आला. त्यांच्या लेटरहेडवर, सुवाच्य अक्षरात. रुग्ण माझा मुलगा असून, औषधात अल्कोहोल असल्याची सूचना देण्यास मी विसरलो. चूक सर्वस्वी माझी आहे. खाली सही आणि रजिस्ट्रेशन नंबर.

त्या पत्राचा उपयोग काही झाला नाही. नियमाला कुणी दिलं आणि कुणी सांगितलं याच्याशी देणंघेणं नसतं. तीन महिने लायसन्स बंद. ट्रेनिंगची जागा गेली, परत आल्यावर पुन्हा सिम्युलेटर, पुन्हा उड्डाणं, पुन्हा रांग. बरोबरचे सगळे रिलीज झाले. त्यांच्या पार्टीचे फोटो मी कोपरच्या गॅलरीत बसून पाहिले. याचं दुःख मी महिनाभर व्यवस्थित केलं. दाढी वाढवली, जेवणावर रुसलो. त्या महिन्यात दवाखान्यात काय चाललंय तिकडे माझं लक्ष नव्हतं.

बाबांनी आईला खरं सांगितलं नव्हतं. पत्रात होतं तेच सांगितलं. आणि आईने, मुलाची बाजू सावरायची म्हणून, भाजीवाल्यापासून भजनी मंडळापर्यंत तेच सांगितलं. "पोराची काही चूक नाही हो. हेच सांगायला विसरले. वय झालंय आता."

डोंबिवलीत बातमी पायी फिरते पण सगळ्या घरी जाते. एक रिटायर्ड मास्तर, बाबांचे तीस वर्षांचे पेशंट, पुडी हातात घेऊन म्हणाले, "डॉक्टर, नीट आठवून दिलंय ना? नाहीतर मलाही नळीत फुंकायला लागायचं." बाकड्यावरचे सगळे हसले. बाबाही हसले. मी तेव्हा पडद्यामागे त्यांना डबा द्यायला गेलेलो. हसून झाल्यावर बाबांनी मास्तरांच्या हातून पुडी परत घेतली, उघडली, गोळ्या पाहिल्या, वही काढून तपासलं आणि पुन्हा बांधली. वही त्यांनी यापूर्वी कधी काढली नव्हती.

तेव्हा बोलायला हवं होतं. पडदा बाजूला करून दोन वाक्यं. मी डबा स्टुलावर ठेवला आणि वर आलो.

पुढे ते सगळंच लिहायला लागले. पेशंट आला की आधी वही. एखादी बाई आली तर पांघरुणाबद्दल न बोलता, "नाव सांगा," असं म्हणायचे, आणि त्या बाईचा चेहरा उतरायचा. संध्याकाळचा दवाखाना बंद केला. लोक दुसरीकडे जायला लागले. आई म्हणायची, आता पुरे, आराम करा. माझं लायसन्स परत आलं, मी पुन्हा सिम्युलेटरला गेलो, पुन्हा त्या कडक बाईंच्या शेजारी बसलो आणि एकदाचा रिलीज झालो. पहिला पूर्ण पगार आला त्या आठवड्यात बाबांनी सांगितलं, की महिनाअखेर दवाखाना बंद.

मी आईला खरं सांगितलं. स्वयंपाकघरात, ती वालाच्या शेंगा सोलत असताना. बाबांनी मला सांगितलं होतं, माझ्याकडून म्हणवूनसुद्धा घेतलं होतं, मी खोटं लिहिलं. तिने ऐकून घेतलं. मग माझ्या पाठीवरून हात फिरवला, सालांचा ओला हात.

"त्यांच्यासाठी म्हणतोयस ना," ती म्हणाली. "गुणी आहेस. पण नको रे. त्यांना स्वतःलाच आता खात्री नाही, उगाच त्रास होईल."

"आई, मी खरं बोलतोय."

"हो रे," म्हणाली आणि शेंगा सोलायला लागली.

आयुष्यभर माझ्या थापा तिने क्षणात ओळखल्या होत्या. एकदा खरं बोललो तर ती थाप ठरली, आणि तीही चांगली थाप.

शेवटच्या दिवशी मी सुट्टी घेऊन खाली गेलो. कपाट एका तरुण डॉक्टरने घेतलं होतं, ते सकाळीच गेलेलं. भिंतीवर त्याच्या आकाराचा पांढरा चौकोन राहिला होता. बाबा खाली सतरंजीवर बसून पेशंटचे जुने कागद आडनावांप्रमाणे लावत होते आणि सुतळीने गठ्ठे बांधत होते, तेही त्या डॉक्टरला द्यायचे होते. मी समोर बसलो.

"बाबा, त्या बाटलीचं."

"कुठल्या?"

"माझ्या. खोकल्याच्या. तुम्ही सांगितलं होतं मला. परवा हात लावायचा नाही म्हणून. माझ्याकडून म्हणवून घेतलंत."

त्यांचा हात थांबला. मला वाटलं, आता रागावतील. मला ते हवंच होतं, इतके महिने मी त्याची वाट पाहत होतो. पण त्यांनी माझ्याकडे पेशंटकडे बघतात तसं बघितलं, बारीक, काहीतरी शोधत असल्यासारखं.

"म्हणवून घेतलं होतं?"

"हो."

"मलाही आधी तसंच वाटत होतं," ते म्हणाले. "पत्र लिहिताना तर नक्की वाटत होतं. पण मग लोक म्हणायला लागले. मी पुष्कळदा आठवून पाहिलं. बाटली देताना आठवते. बोललो ते आठवत नाही आता."

"मला आठवतंय ना, बाबा. शब्दन् शब्द."

"तू म्हणणारच," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. उलट समजूत घातल्यासारखं म्हणाले, मीच पेशंट असल्यासारखं. "जाऊ दे. तू उडतोयस ना आता."

मी आणखी दोनदा सांगितलं. वेगवेगळ्या तऱ्हेने सांगितलं, त्या दिवशी अंगात कुठला शर्ट होता तेही सांगितलं. ते मान डोलवत राहिले. जितकं सांगत गेलो तितकं ते खोटं वाटायला लागलं, मलासुद्धा.

मग त्यांनी पुढचा गठ्ठा ओढला, कागदांच्या कडा जमिनीवर आपटून सारख्या केल्या, सुतळी दोनदा गुंडाळली.

"इथे बोट धर," म्हणाले.

मी धरलं. त्यांनी गाठ मारली आणि पुढचा गठ्ठा घेतला.