यानातला एकटा माणूस

पाचगणीला आमच्या घरी आलेला टीव्ही आळीतला पहिलाच. उंचीमुळे मुंबईचं चित्र मिळायचं, पण वाऱ्यानं अँटेना फिरायची. म्हणून दर रविवारी काका पत्र्यावर चढून तिचा पाइप धरून उभे राहायचे. "दिसतंय का?" असं ते वरून विचारायचे आणि खालून कुणीतरी "दिसतंय!" म्हणून ओरडायचं.

अंतराळयानाची ती इंग्रजी मालिका संपता संपत नव्हती. दर भागात लढाई, स्फोट, शिंगवाले राक्षस. त्या रविवारी मात्र यानात नायक एकटाच. ना राक्षस, ना संगीत. तो रेडिओवर पुन्हा पुन्हा एकच विचारत राहिला, "कुणी ऐकतंय का?" एवढं इंग्रजी आईलाही कळलं. उत्तर आलंच नाही. त्याच्या चेहऱ्यावरच भाग संपला.

मग वडील कडाडले, "ही काय थट्टा लावलीया? लोकांना येडं समजत्यात व्हय?" मला असा संताप आला! इतकं खरं त्यांनी आजवर काही दाखवलंच नव्हतं, असं मीही ओरडून सांगितलं. आई डोळे पुसत माझ्या बाजूनं झाली, शेजारीण वडिलांच्या. कुणी कुणाचं ऐकेना. शेवटी वडिलांनी खटकन टीव्ही बंद केला आणि सगळे गप्प झालो.

तेव्हा कुठे पत्र्यावरून काकांचा थंडीनं कापरा झालेला आवाज ऐकू आला, "आवं दादा, आता तरी दिसतंय का?"