ॲप्रनची गाठ

आमच्या फ्रीमेसन लॉजमध्ये, म्हणजे या जुन्या बंधुसंघटनेच्या शाखेत, सभेआधी प्रत्येकजण कमरेला पांढरा ॲप्रन बांधतो. काल देशपांडे वकिलांचा दुखरा हात काही केल्या मागे वळेना. दुपारीच कोर्टात त्यांच्याविरुद्ध तावातावानं भांडलेले शेख वकील जवळ आले.

"ब्रदर, मी बांधू?" त्यांनी आधी विचारलं.

"बांधा. पण कोर्टातल्यासारखं आवळू नका!" देशपांडे पाठ करून उभे राहिले.

आत धर्म आणि राजकारणावर बोलायचं नाही, हा आमचा नियम. तरी टेबलावर गीता, कुराण, बायबल शेजारीशेजारी उघडून ठेवलेली असतात. समोरच्याचा मान राखायला त्याचं मत पटावं लागत नाही, हे मी तिथेच शिकलो.

लोक विचारतात, "तुमच्या लॉजमध्ये काय गुपित असतं हो?"

मी ताठ मानेनं सांगतो, "तिथे विरोधकाकडे पाठ करून निर्धास्त उभं राहता येतं."