निर्माल्याची ओंजळ

बाळांनो, तुमच्या शाळेत समाजसेवा सुरू झाली असं कळलं, म्हणून हे आत्ताच लिहिते.

काही वर्षांपूर्वी विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर कॉलेजची मुलं निर्माल्य गोळा करत होती. "कचरा इथे टाका," असं ओरडत होती, आणि लोक हारफुलं सरळ समुद्रात सोडत होते. मुलं कंटाळून निघाली.

"थांबा रे," त्यांच्यातली एक किडकिडीत मुलगी म्हणाली. तिने चपला आणि हातमोजे काढले, माझ्यापुढे ओंजळ धरली. मी दिलेला हार तिने आधी कपाळाला लावला.

"आजी, देवाचं आहे, कचरा कसं म्हणायचं?"

"झाली ही लीडर," एकजण हसला, पण त्यानेही चपला काढल्या. लोक मग आपणहून त्यांच्याकडे वळले.

तिचं नाव मी विचारलं नाही. यंदा ती तिथे नव्हती, पण नवी मुलं अनवाणीच उभी होती.