प्रसेनजीतची आवरलेली खोली

आमच्या प्रसेनजीतचं नेमकं काय चुकलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. माझं चुकलं, एवढं कळलंय. पण ते कुठून चुकत गेलं ते सांगता येत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

हा माझ्या चुलत बहिणीचा, नेसरीच्या पारूबाईचा मुलगा. बी.कॉम. झाला आणि शहाण्णव साली मीच त्याला उद्यमनगरात आमच्या फौंड्रीच्या स्टोअरला चिकटवला. मी तिथे टाइमकीपर. पगार इतका बेताचा की पाकीट देताना मालक स्वतःच खाली बघायचा. असल्या पगारात कोल्हापुरात एकटा पोरगा कसा राहतो, ते मला पाठ होतं. एका खोलीत चौघं, खानावळीचा डबा, आणि महिनाअखेरीला जेवणाच्या वेळेस मामाच्या घरी सहज म्हणून चक्कर. आमच्या मंडळीनं त्याच्यासाठी एक ताट वेगळं काढूनही ठेवलं होतं.

पोरगं आलंच नाही.

शेवटी मीच गेलो. राजारामपुरीत एका पिठाच्या गिरणीवरची खोली त्यानं घेतली होती. खाली दिवसभर घरघर, म्हणून भाडं कमी. "मी कामावर असतोय मामा, घरघर ऐकाय हाय कोण?" म्हणाला. आत गेलो तर भांडी घासून ओळीनं लावलेली, कोथिंबीर पेल्यात पाणी घालून उभी केलेली, चादरीला सुरकुती नाही. संध्याकाळी सायकल काढून गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचा, येताना वाचनालयाचं पुस्तक आणायचा. महिन्याला एक सिनेमा, आईला मनिऑर्डर आणि रविवारी स्वतः रांधलेलं मटण. माझा पगार त्याच्या दीडपट, तरी वीस तारखेनंतर आमच्या घरचा चहा कोरा होतो. "तुला जमतंय कसं रे?" मी चारदा विचारलं असेल. "काय न्हाय मामा, मी घरात जेवतोय," एवढंच म्हणायचा. हे काय उत्तर झालं? घरात तर मीही जेवतो!

अठ्ठ्याण्णव साली पारूबाईनं माझ्यामागं टुमणं लावलं, पोराचं लग्न बघ. मी म्हटलं, ह्यात बघायचं काय, असल्या पोरावर उड्या पडतील. पेठ वडगावचं एक स्थळ आलं. मुलीचा बाप आणि चुलता, दोघांना मी मुद्दाम रविवारी, न कळवता खोलीवर घेऊन गेलो. पोरगं डगमगलं नाही. चटया टाकल्या, पांढरा रस्सा वाढला. दोघांनी तीन-तीन वाट्या ओढल्या, ढेकर दिले आणि दुसऱ्या दिवशी नकार कळवला.

मी तावातावानं वडगावला गेलो. मुलीचा बाप मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "पावणं, रागाला येऊ नका. त्यो रस्सा बाप्याच्या हातचा न्हाय. त्या खोलीत बाई हाय."

"कुठली बाई?"

"ते तुमी बघा की! कपाला कप जोडून टांगल्यात. एकट्या गड्याची खोली अशी असतीया व्हय?"

मी चक्रावलो. खरं सांगतो, परत येताना एसटीत मलाही घटकाभर वाटून गेलं, असेल का कोणी? मग माझीच मला लाज वाटली.

पुढचं स्थळ प्रसेनजीतनं स्वतः सुचवलं. गडहिंग्लजला एका लग्नात त्यानं निशाला पाहिलं होतं. बी.ए. झालेली, तिथल्या एका खासगी शाळेत शिकवणारी. वाढप्यांनी बायकांची पंगत ताटकळत ठेवली, तेव्हा पदर खोचून ही भांडली होती म्हणे. "मामा, एवढं जमवा," म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. त्यानं माझ्याकडं आयुष्यात मागितलेली ही एकच गोष्ट. म्हणूनच मी ठरवलं, ह्या वेळी धोका नको.

मुलीकडची मंडळी खोली बघायला यायची होती. आदल्या दिवशी मी फर्मान काढलं, खोली घाण कर! त्याला काही समजेना. पण मामाचा शब्द. खोली घाण करणं इतकं अवघड असतं हे मला तेव्हा कळलं. शर्ट फेक म्हटलं तर तो घडी घालून फेकायचा. शेवटी चादर मीच चुरगाळली, भांडी पोत्यात बांधून गिरणीत नेऊन ठेवली, दोन दिवसांचा खरकटा डबा खानावळीतून मागून आणला. तो कोपऱ्यात उभा राहून बघत होता. खोलीची ती दशा बघून त्याचा चेहरा उतरला.

मंडळी आली. निशा, तिचे काका आणि आत्या. आत्यानं डबा पाहिला, नाकाला पदर लावला आणि खूश होऊन म्हणाली, "आरारा! बाईमाणसाबिगर कसं व्हायचं? आमची पोरगी आली की बघा घर कसं हुतंय!" काकांनीही मान डोलावली. मी मनात म्हटलं, गणपतराव, जिंकलात.

मग दोघांना बोलायला म्हणून बाहेर जिन्याजवळ उभं केलं. दार उघडंच होतं. निशानं एकच प्रश्न विचारला. "तुम्ही स्वयंपाक करता?"

प्रसेनजीतनं वळून माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हण.

"न्हाय," तो म्हणाला. "डबा असतोय."

"बरं," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी फौंड्रीत तिच्या काकांचा फोन आला. आवाज ओशाळलेला. "पावणं, आमची समद्यांची पसंती हुती. पोरगीच नको म्हणालीया. म्हणती, मी शाळेतनं दमून येऊन दोघांचं रांधायचं, आन त्यानं डब्याची वाट बघायची? सोता करून खाणारा बघा म्हणती. आता तुमीच सांगा, असला गडी असतोय व्हय कुठं?"

मी फोनमध्ये ओरडलो, "आवो, हाय की! आमचाच हाय. रस्सा करतोय, भाकरी थापतोय. ती खोली मीच घाण केलती!"

ते म्हणाले, "परवा खोटं बोललासा, का आज बोलालायसा?" उत्तराची वाट न बघता त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी मी गिरणीवर गेलो. भांडी परत ओळीत लागली होती. प्रसेनजीत भाकरी थापत होता. मी सगळं सांगितलं, माझ्या तोंडानं सांगितलं, काही लपवलं नाही. वाटलं, चिडेल, ओरडेल, मला हाकलून देईल. त्यानं भाकरी उलटली, फुगू दिली, माझ्या ताटात वाढली.

"तुमचं काय न्हाय मामा," तो म्हणाला. "परश्न तिनं मला विचारला हुता. मी तुमच्याकडं का बघितलं?"

खाली गिरणी चालू होती.