माझ्या रक्तातली झुंज

दवाखान्यातल्या सूक्ष्मदर्शक दुर्बिणीतून काल मी माझंच रक्त बघितलं. लालसर दाण्यांनी भरलेल्या गोल गोल पेशी होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, पोटात जंत झालेत. शेतात अनवाणी फिरता ना?"

"बायको गेल्यापासून चपलेचं भान कुणाला?"

"जंत मोठा असतो, या पेशींना गिळता येत नाही. मग साऱ्या त्याला चिकटतात आणि हे दाणे त्याच्यावर ओततात. त्याला ते विषच."

 बायकोच्या मागं जगायचं कशाला, म्हणून मी जेवणही जवळजवळ सोडलं होतं. या पेशी मात्र मला न विचारता झुंजत होत्या. मन बसलं तरी अंग आपल्या बाजूनं उभंच असतं म्हणायचं.

"गोळी घ्याल ना? त्यांना मदत होईल."

"द्या," म्हटलं. "त्या एवढ्या राबतात, मला नुसतं गिळायचंय."