घट बसले त्या दिवशीचं काँक्रीट

कोपरीतलं ते गॅरेज आठवलं की निवृत्तीनंतरही माझ्या अंगात तरतरी येते. दसऱ्याला गॅरेजचं उद्घाटन झालं, गाडी उचलायच्या नव्या लिफ्टची पूजा झाली आणि दुसऱ्याच दिवशी वर चढवलेल्या जीपसकट लिफ्टचा खांब कलंडला. खाली काम करणाऱ्या मेकॅनिकचा पाय चिरडला.

मालक म्हणाला, फिटरने बोल्ट नीट आवळले नाहीत. फिटर डोंबिवलीत कोपरला राहणारा, घरात एकटा कमावता. त्याच्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवायचं मी जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं. तेवढ्यात आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला. नाव न सांगता एक बाई म्हणाली, "फिटरच्या मागे काय लागलात? जमिनीचं काँक्रीट कधी ओतलं ते विचारा ना."

मी ओळखीच्या इंजिनियरला गाठलं. अशा लिफ्टचा सगळा भार जमिनीतल्या बोल्टवर येतो, असं त्यांनी समजावलं. काँक्रीट किती जाड, सळई कुठे, हे आधीच ठरवायचं आणि ओतल्यावर महिनाभर तरी त्यावर भार टाकायचा नाही.

मालक मात्र ठाम होता. "गणपतीच्या आधीच ओतलं साहेब. नारळ फोडायला अख्खं घर आलेलं." ठेकेदारानेही हेच वाक्य शब्दाला शब्द सांगितलं. खरं बोलणारी दोन माणसं इतकं सारखं बोलत नाहीत. मी कान टवकारले.

कागदपत्रं बघायला हवालदाराला घेऊन मी मालकाच्या वर्तकनगरच्या घरी गेलो. मालक कपाटात फाइल शोधत होता. त्याच्या आईने चहा आणला. मी सहज विचारलं, "मावशी, काँक्रीटच्या नारळाला तुम्हीपण होतात ना?"

"मी कशी जाणार? त्याच सकाळी घरी घट बसलेले. अखंड दिवा लावून घर बंद करतात का? बाकीचे सगळे गेले, मी एकटी थांबले."

घटस्थापना ते दसरा, जेमतेम नऊ-दहा दिवस! मालक कपाटाशीच खाली बसला. "दसरा चुकवायचा नव्हता साहेब," तो म्हणाला. "पुढच्या दसऱ्यापर्यंत कोण थांबणार?"

"अरे, मी काही चुकीचं बोलले का?" आईने विचारलं.

ठाण्यात परतलो तो जग जिंकल्याच्या थाटात. फिटरला बोलावून सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "मी पहिल्याच दिवशी बोललेलो साहेब."

मी फाइलीतून त्याचा पहिल्या दिवशीचा जबाब काढून वाचला. 'खांब फक्त पूजेसाठी उभे केले. काँक्रीट कच्चं आहे, महिनाभर गाडी चढवू नका, असं मालकाला बजावलं होतं.' खाली माझ्याच अक्षरात शेरा होता: उडवाउडवीची उत्तरे देतो.

धागा हाती लागल्याचा आनंद मी नोकरीत पुष्कळ उपभोगला. पण त्या दिवशी मला जे सापडलं, ते चार दिवस माझ्याच फाइलीत पडून होतं.