उतार पाहून थांबणाऱ्या बाई

डॉक्टर वत्सलाबाई सपाट जागी कधी थांबत नसत. उतार दिसला तरच त्यांची मोटार उभी राहायची. आता आमचा गोंदियाकडचा मुलूख धानाचा, परातीसारखा सपाट. इथे उतार आणायचा कुठून? तर तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून. त्यामुळे दवनीवाड्याच्या आसपास आमच्या गावासकट ज्या ज्या गावी बाई यायच्या, तिथे दवाखाना पाळीवरच भरायचा. जांभळीखाली स्टूल, स्टुलावर बाई, समोर खोकणारी, कण्हणारी माणसं, आणि मागे उताराकडे तोंड करून उभी ती काळी मोटार.

कारण सोपं होतं. मोटारीचा सेल्फ कधीच मेला होता. हँडल मारून ती सुरू व्हायची, पण एकदा हँडल उलटं फिरलं आणि बाईंचं मनगट सुजलं. त्या दिवसापासून त्यांनी हँडलला हात लावला नाही. ‘‘हे हात बाळंतपणासाठी आहेत,’’ म्हणाल्या. मग उतारावरून सोडून द्यायची, वेग आला की गिअर टाकायचा. हातब्रेकही नावालाच. इंजिन इतकं झिजलेलं की गिअरमध्ये ठेवली तरी सरकायची. म्हणून मागच्या चाकापुढे दगड. आमच्या गावी तो मान सुकाजीचा. सुकाजी तलावावर मासे धरणारा, बोलायला कमी आणि दगडाच्या बाबतीत फार कडक. दुसऱ्या कोणाला तो हात लावू देत नसे, आणि गाव त्याला हसायचं. बाई तपासून उठल्या, गाडीत बसल्या आणि त्यांनी दार धाडकन ओढलं की चाकामागे बसलेला सुकाजी दांड्यानं दगड सारायचा.

देश स्वतंत्र झाला तेव्हा एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला, त्याच्याकडून बाईंनी ही मोटार घेतली होती. बाई स्वतः मोटार हाकते हे पाहायला तेव्हा लोक झाडावर चढत. बाई मूळच्या नागपूरच्या, अंगानं भरलेल्या, आवाज पहाडी. रागावल्या की हिंदीत शिरायच्या. गोंदियाचा मिस्त्री त्यांना दर खेपेला सांगायचा, ‘‘बाईजी, अब इसको छुट्टी दे दो.’’ बाईंचं उत्तर ठरलेलं. ‘‘छुट्टी मरे हुए को देते हैं. ये बीमार है.’’ आणि आमच्याकडे वळून, ‘‘रोगी काय नि मोटार काय, श्वास आहे तोवर मी टाकत नाही.’’ हे त्या इतक्या ठसक्यात म्हणायच्या की ऐकणाऱ्याला वाटे, आपल्याबद्दलच बोलल्या.

मला मात्र ही गोष्ट घडली त्या साली हे ऐकून धीर येत नव्हता. मी तिथे शाळामास्तर. माझ्या बायकोला, सुशीलेला, दिवस गेले होते. आमचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं, आणि बाईंनीच बजावलं होतं की या वेळी अडलं तर तडक गोंदियाच्या दवाखान्यात न्यायचं. नेणार कशातून, तर याच मोटारीतून. बाई आल्या की मी तिच्याकडेच बघत बसायचो. उतार संपत येई तरी इंजिन मुकं असे, मग एकदम खोकून जिवंत होई. शेवटी एकदा धीर करून म्हणालो, ‘‘बाई, नवी गाडी बघा ना.’’

‘‘काऊन? तुमच्या गावातला उतार कोणी चोरून नेला?’’ त्या हसल्या. ‘‘घाबरू नका मास्तर. आजपर्यंत पोचवलं की नाही तिनं?’’

पोचवलं होतं, हे खरं.

धान कापणीला आलं होतं, तेव्हाची गोष्ट. सुशीलेला पहाटे कळा सुरू झाल्या आणि दुपार कलली तरी सुटका नाही. निरोप गेला, बाई आल्या. घरी येऊन तपासलं, आणि त्यांचा चेहरा पाहून मला काही विचारावंसं वाटेना. ‘‘बाजेवर घ्या. गोंदिया,’’ एवढंच बोलल्या.

चौघांनी बाज पाळीवर आणली. सुशीलेला मागच्या सीटवर निजवलं. सासूबाई आत शिरून तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. बाई पलीकडे मला काहीतरी समजावत होत्या, हातातली बॅग अजून हातातच. तेवढ्यात सासूबाईंनी आतून दार ओढलं. धाडकन.

चाकामागे बसलेल्या सुकाजीला पुढची सीट दिसत नव्हती. दार वाजलेलं मात्र ऐकू आलं. त्यानं दगड सारला.

मोटार निघाली. आवाज नाही, काही नाही, आपली निघाली. उताराच्या तळाशी रस्ता उजवीकडे वळत होता आणि नाकासमोर सांडव्याचा नाला भरून वाहत होता. मी जागेवर खिळलो. बाई मात्र बॅग टाकून धावल्या. पन्नाशीची ती जाडजूड बाई खोचलेल्या पदरानिशी मोटारीच्या पायरीवर चढली, एक हात दाराला, दुसरा खिडकीतून आत, आणि सगळं वजन टाकून तिनं स्टिअरिंग ओढलं. मोटार नाल्याच्या काठावरून वळली, उभ्या धानात शिरली आणि चिखलात रुतून थांबली. सुशीलेची किंकाळी त्यानंतर आली. ती ऐकून मला जिवात जीव आला, इतकंच सांगतो.

मग अख्खं गाव धानात उतरलं. ओढा, ढकला, पेंढ्या टाका. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून गाडी रस्त्यावर आली, पुन्हा ढकलली, खोकली, बंद पडली, पुन्हा ढकलली आणि सुरू झाली. दवाखान्यात चिमटे लावून मुलगी झाली. दोघी वाचल्या.

आठवडाभरानं बाई आमच्या गावी बैलगाडीतून आल्या. मोटार त्यांनी भंगारात दिली होती. तोवर गावानं सुकाजीला बोलून बोलून अर्धा केला होता. तो तलावावरही दिसेनासा झाला होता. बाईंनी त्याला बोलावून घेतलं.

‘‘मीच काहाडलो जी गोटा,’’ तो खाली बघत म्हणाला. ‘‘मीच मारत होतो त्यायले.’’

‘‘चूप,’’ बाई म्हणाल्या, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, ‘‘दार वाजलं की दगड काढायचा, हे त्याला मी शिकवलं. आजार माझ्या गाडीला होता आणि पथ्य तुम्हाला पाळायला लावलं मी. त्याला कोणी एक शब्द बोलायचं नाही.’’

मी म्हणालो, ‘‘बाई, पण दोघी वाचल्या ना.’’

‘‘वाचल्या म्हणून मी बरोबर ठरत नाही, मास्तर. रोगी टाकायचा नसतो. गाडी टाकायची असते. मी दोन्ही एकच धरून बसले.’’ त्यांचा आवाज तेव्हा पहाडी नव्हता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

पुढे जीप आली. बटण दाबलं की सुरू, कुठेही उभी करा. तरी पहिल्याच खेपेला बाईंनी ती पाळीवर, उताराकडे तोंड करून लावली. ‘‘सुकाजी, दगड आण.’’

‘‘हिले बिरेक हाये म्हनते जी.’’

‘‘हाये ना. तरी लाव.’’

‘‘मी नाही लावत जी.’’

‘‘तू लावल्याशिवाय मी खाली उतरत नाही. इतके लोक खोकून राहिले, पाहा.’’

सुकाजीनं खोकणाऱ्यांकडे पाहिलं. मग सुकाजी गेला आणि दगड घेऊन आला. त्या दिवसापासून दाराचा आवाज बाद. बाई आत बसायच्या, खिडकीतून हात बाहेर काढायच्या आणि ओरडायच्या, ‘‘काढ!’’ तेव्हाच दगड हलायचा. सुकाजी पुन्हा दुसऱ्या कोणाला त्या दगडाला हात लावू देईनासा झाला, आणि गाव त्याला पुन्हा हसू लागलं.

काही वर्षांनी बाई हृदयाच्या दुखण्यानं गेल्या. मी आणि सुकाजी गोंदियाला पोचलो तेव्हा घरापुढे गर्दी होती. जीप दाराशी उभी, सपाट रस्त्यावर. सुकाजीनं तिच्याकडे पाहिलं, इकडेतिकडे शोधून एक दगड आणला, मागच्या चाकाला लावला आणि तिथेच उकिडवा बसला.

बाईंना उचललं, माणसं निघाली. मी म्हणालो, ‘‘सुकाजी, चल. काढ तो दगड आता.’’

त्यानं पुढच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. ‘‘तुमी ‘काढ’ म्हनून काय होते जी,’’ तो म्हणाला.

मी दगड तसाच राहू दिला.